तुम्ही विचारलंत म्हणून: थारला स्नो चेन कुठली घ्यायची?

डिसेंबर लागला की स्नो चेनचे, म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर चढवायच्या साखळ्यांचे, मेसेज सुरू. दादा, मनालीला चाललोय, थार आहे, मोठे टायर टाकलेत, चेन कुठली घेऊ, लिंक पाठव ना. मी दरवेळी उलट विचारतो की चेनचं नंतर बघू, टायर आणि सस्पेन्शनच्या मध्ये फट किती आहे ते सांग, तर समोरून उत्तर येतं "भरपूर आहे की". भरपूर म्हणजे किती ते कुणी मोजलेलं नसतं, आणि मी तरी कुठे मोजलं होतं.

कंपनीचे २५५/६५ आर १८ टायर (पहिला आकडा म्हणजे मिमीमध्ये रुंदी) काढून मी २८५/६५ टाकले होते, कारण खरं सांगू का, दिसतात भारी. ताम्हिणीच्या चिखलात काही अडलं नाही. मनालीत चेन भाड्याने घेतली, शिडीसारखी, जाड कड्यांची, सोलंगच्या पुढे पुढच्या चाकांना चढवली, दोन वळणं मस्त गेली, तिसऱ्याला स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि आतून खटखट खटखट, मग डॅशबोर्डवर एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा. आतल्या बाजूच्या कड्यांनी चाकाच्या सेन्सरची वायर तोडली होती. वायर काही लाखाची नाही, पण त्याच सेन्सरवर चाक जागच्या जागी फिरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोलही चालतं, म्हणजे नेमक्या उतारावर सगळी मदत बंद. ब्रेकचा होज शेजारीच होता, तो वाचला हे नशीब. चेनवाल्याची चूक नाही हं, त्याने टायरची साइज विचारली होती, मी बरोबर सांगितली होती आणि चेन टायरला फिट्ट बसली होती. ती गाडीत मावत नव्हती.

हिशोब सोपा आहे. २५५चा २८५ केला की रुंदी ३० मिमी वाढते, व्हील तेच असेल तर त्यातले १५ आत जातात, आणि वरच्या बाजूलाही टायर जवळजवळ २० मिमीने चढतो. आता चेनचं बघा. अमेरिकेत एसएई नावाची संस्था आहे, तिने चेनला लागणाऱ्या जागेप्रमाणे वर्ग केलेत. सगळ्यात कमी जागेवाला एस, त्यालाही टायरच्या तोंडावर (रस्त्याला टेकणारा भाग) ३७ मिमी आणि आतल्या गालावर (टायरची बाजू) १५ मिमी मोकळी जागा लागते. यू वर्गाला ५० आणि २३, डब्ल्यूला ६४ आणि ३८. म्हणजे एस चेनला गालावर जेवढी जागा लागते तेवढी मी नुसत्या हौसेपायी खाऊन बसलो होतो!

मोजायचं कसं? मी घरून कणकेचा गोळा आणतो (बायको दरवेळी विचारते, आता काय), टायर आणि सस्पेन्शनच्या आर्मच्या (चाक धरणारा दांडा) मध्ये सगळ्यात अरुंद जागी दाबतो, काढून पट्टीने जाडी मोजतो. एकदा चाक सरळ असताना, मग स्टिअरिंग डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, आणि मग एक चाक फुटपाथवर चढवून परत, कारण सस्पेन्शन दबलं की जागा अजून कमी होते आणि बर्फात खड्डा दिसत नाही.

आकडा चेनच्या वर्गाला लागणाऱ्या जागेपेक्षा कमी निघाला तर पुढे चेन नकोच. मागच्या चाकांना, तिथे स्टिअरिंगची भानगड नाही, पण तिथेही मोजून, आणि मॅन्युअलमध्ये कुठल्या चाकांना सांगितलंय ते बघून. मात्र मागेच चेन असेल तर उतारावर पुढचा भाग सरळ घसरायला बघतो, म्हणून फोर-लो (चारही चाकांना ताकद, पण वेग कमी), पहिला गिअर, ब्रेक जेमतेम. फक्त पुढे चेन हा प्रकार उतारावर मला अजून वाईट वाटतो, मागचा भाग गर्रकन फिरून पुढे येतो. बारीक कड्यांची एस वर्गातली डायमंड पॅटर्नची (शंकरपाळ्यासारख्या जाळीची) चेन सगळ्यात बरी. चेनऐवजी टायरवर चढवायचे कापडी मोजे कमी जागेत मावतात पण दगडावर, डांबरावर लवकर फाटतात. ऑनलाइन मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर माझा तरी भरवसा नाही. आणि जागा व्हावी म्हणून टायरची हवा कमी करायची आयडिया डोक्यातून काढा, चेन सैल पडते आणि सैल चेन फटके मारते.

मी शेवटी काय केलं? कंपनीचे जुने चार टायर विकले नव्हते, ते हिवाळ्यात परत चढवतो. मित्र हसतात, गाडी बारीक झाली म्हणतात. हसू देत.

अजून एक, मनालीच्या पुढचा अटल बोगदा ९.०२ किमी आहे आणि आत बर्फ नाही, कोरड्या रस्त्यावर चेन घासून निघते, त्यामुळे काढा-घाला यायलाच हवं. म्हणून निघायच्या आधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोनदा घालून बघा, हातमोजे घालून, कारण तिकडे बोटं चालत नाहीत. घातली की शंभरेक मीटर चालवून थांबा, परत आवळा, लोंबणारं टोक बांधून टाका. वेग पाकिटावर लिहिलेला, बहुतेक ५०च्या आत, मी तिशीतच ठेवतो. आणि गुडघ्याखाली घ्यायला जुनी चटई न्या, ती मी दोनदा विसरलोय.