पिवळी वायर

माझी आल्टो 2009 ची. एसी आहे, पॉवर स्टिअरिंग नाही, मागच्या काचा हाताने फिरवायच्या. डॅशबोर्डवर टेप बसवून घेतला होता, पण तो यूएसबीच्या आधीच्या जमान्यातला. थोडक्यात, फोनला वीज मिळेल अशी जागा गाडीत कुठेही नव्हती, आणि मला ती कधी लागलीही नव्हती. कराड ते चिपळूण रस्ता पाठ आहे. माहेरी जायला नकाशा कशाला?

मग एका जुलैत कुंभार्ली घाटात झाड आडवं पडलं. दोन तास गाड्यांची रांग, बाहेर धुकं, आणि फोन सहा टक्क्यांवर. "अडकलेय, उशीर होईल" एवढं सांगून झालं आणि फोन मेला. रात्री साडेदहाला पोचले तेव्हा अण्णा छत्री घेऊन फाटकाशी उभे. एक अक्षर बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे काय, ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

पुढच्याच आठवड्यात गाडी एका डेकोरच्या दुकानात नेली. मुलगा हुशार. टेप पुढे ओढला, मागे हात घातला आणि वीस मिनिटांत पायाशी सिगरेट लायटरचं असतं तसं सॉकेट लटकवून दिलं. सोबत आकडे दाखवणारा, निळा दिवा लागणारा चार्जरही. मी खूश. एवढंच, की चार्जर लावला की एफएमवर विविध भारती खरखरायची. ते मी पावसावर ढकललं.

दिवाळीत मुलाकडे बंगळूरला गेले, तीन आठवडे राहिले. परत येऊन किल्ली फिरवली तर साधा खट्ट आवाजही नाही. शेजाऱ्यांच्या गाडीला वायर जोडून आल्टो सुरू केली आणि शनिवारी चिपळूण गाठलं.

अण्णा एसटीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रिशियन होते. निवृत्तीला बरीच वर्षं झाली, पण मल्टिमीटर अजून उशाशी असतो म्हटलं तरी चालेल. गाडी बंद, दारं बंद. त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह पट्टी सोडवली आणि पट्टी आणि टर्मिनल यांच्यामध्ये मीटर लावला. 38 मिलिअँपिअर.

"आता तो तुझा निळा दिवा काढ."

काढला. 9.

"हे नऊ टेपच्या मेमरीचे, ते चालायचे. बाकीचे तुझ्या कौतुकाचे."

मग कागदावर हिशोब. 38 मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला साधारण 0.9 अँपिअर-तास, 21 दिवसांचे झाले 19. बॅटरी 35 ची, तीही चार वर्षांची. म्हणजे चोर काही मोठा नव्हता, फक्त रोज न चुकता येत होता.

टेप बाहेर काढल्यावर कारण दिसलं. असल्या टेपच्या मागे बहुधा पिवळ्या वायरीत कायम करंट असतो, त्यावर स्टेशनं लक्षात राहतात. लाल वायरीत किल्ली फिरवली की करंट येतो. काळी अर्थची. त्या मुलाने पिवळी सोलून तिला सॉकेटची वायर पिळली होती आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पावसाळ्यात तिचा चिकटा सुटून ती लोंबत होती. सॉकेटसाठी वेगळा फ्यूज नाही. अण्णांनी तो जोड दोन बोटांत धरून मला दाखवला, शाळेत वहीतली चूक दाखवायचे तसाच.

मला वाटलं, पिवळीवरून काढून लालवर जोडलं की झालं. फोनचा चार्जर 18 वॅटचा, म्हणजे बारा व्होल्टवर दोन अँपिअरसुद्धा घेणार नाही. अण्णा म्हणाले, "आज फोन. उद्या तू त्यात चाकात हवा भरायचा पंप खुपसशील, तो दहा खेचेल. ही वायर बघ, शेवईएवढी आहे." (हे त्यांनी म्हटलं तेव्हा मी खरंच ऑनलाइन पंप बघत होते. त्यांना कसं कळलं, देव जाणे.)

त्यामुळे काम वाढलं. बॅटरीच्या प्लसवरून अडीच एमएमची वायर आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावरच 15 अँपिअरचा फ्यूज. मी विचारलं, फ्यूज आत सॉकेटजवळ का नको, बदलायला सोपा? तर म्हणे, फ्यूज सॉकेटसाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर मध्येच कुठे पत्र्याला घासून सोलली तर फ्यूजच्या आधीचा तुकडा बॅटरी संपेपर्यंत जळत राहणार. तो तुकडा जेवढा आखूड तेवढं बरं. बॉनेटखालून आत येताना नवं भोक पाडलं नाही. वायरिंगचा मूळ जुडगा जातो त्या रबरी बुचातूनच साबणाचं पाणी लावून वायर सरकवली.

आत रिले, म्हणजे थोड्याशा करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याचे चार पाय, आणि त्यांच्यावर बारीक आकडे कोरलेले: 30 ला बॅटरीकडून आलेली वायर, 87 वरून सॉकेटच्या मधल्या टोकाला, 85 बॉडीला अर्थ, 86 ला टेपची लाल. लाल वायरीवर आता फक्त रिलेच्या कॉइलचं ओझं, ते अगदीच किरकोळ. मोठा करंट जाड वायरीतून, आणि तोही किल्ली फिरवल्यावरच. एवढ्यासाठी तासभर मी सीटखाली डोकं घालून उताणी पडले होते आणि अण्णा बाहेर खुर्चीत बसून टॉर्च भलतीकडेच धरत होते.

डॅशबोर्डला भोक पाडायला त्यांनी साफ नकार दिला. "प्लॅस्टिक एकदा कापलं की कापलं." सॉकेटला अठ्ठावीस-एकोणतीस मिलिमीटरचं भोक लागतं, ते आम्ही ॲल्युमिनियमच्या पट्टीत ड्रिलने पाडलं आणि गोल कानशीने मोठं केलं. मग पट्टी काटकोनात वाकवून डॅशच्या खालच्या मूळच्याच स्क्रूवर बसवली. कानशीचा पांढरट भुगा आईच्या तुळशीकट्ट्यावर पडला, त्यावरून वेगळं रामायण झालं.

थेट यूएसबीचीच पाटी का नाही बसवली, असं मैत्रिणीने विचारलं. तशा मिळतात, दिसतातही छान. पण फोनच्या पिना काही वर्षांनी बदलतात. सिगरेट लायटरसाठी जन्मलेलं हे भोक मात्र आहे तसंच आहे. आमच्या सात पिढ्यांत कुणी गाडीत सिगरेट ओढलेली नसली तरी तेच सोयीचं. पिन बदलली की चार्जर बदला, वायरिंगला हात लावायला नको. तोटा एकच, पाटणच्या पुढे खड्डे लागले की चार्जर हळूहळू उसळत बाहेर येतो. अधूनमधून अंगठ्याने दाबावा लागतो.

निळ्या दिव्याचा चार्जर अण्णांनी उघडून बघितला, "हं" म्हणाले आणि ठेवून घेतला. नवा जरा महाग घेतला. विविध भारतीची खरखर गेली, म्हणजे पावसाचा काही दोष नव्हता.

आता किल्ली फिरवली की पायाशी रिलेचा टक्क आवाज येतो. स्टार्टर मारताना रिले एकदा सुटतो, इंजिन लागलं की पुन्हा टक्क, आणि फोन दुसऱ्यांदा चार्जिंगची घंटी वाजवतो. अण्णा शेजारी बसले असले की तोवर सीटबेल्ट लावत नाहीत. दुसरा टक्क ऐकतात, मग म्हणतात, "हां, चल."