कांदा आधी, आम्ही नंतर

८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगावच्या आमच्या ऑफिसातला फोन वाजायचा थांबला. मी तिथे डॉक्युमेंटेशन बघते. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटो (मालाला कीड-रोग नाही याचं प्रमाणपत्र), बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती), न्हावा शेव्याच्या एजंटशी दिवसभराची बोलणी. आमचा बराचसा माल मलेशियात, पोर्ट क्लांगला उतरतो. बंदी उठली ४ मे २०२४ ला. मधल्या पाच महिन्यांत मी मलय शिकायला घेतली. तिकडच्या गोदामातली माणसं गोण्यांच्या फोटोखाली जे लिहितात, ते मला मोबाइलवर भाषांतर करून वाचावं लागायचं. ज्यांना इतकी वर्षं माल पाठवतो, त्यांचं एक वाक्यही आपल्याला सरळ कळत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

शिकवणाऱ्या बाई मलेशियातल्याच, इपोह शहरातल्या. आठवड्यातून दोनदा, आपल्या संध्याकाळी सहाला, तेव्हा त्यांच्याकडे साडेआठ झालेले असतात. मी त्यांना चिकगु म्हणते. तिकडे शिक्षकांना असंच म्हणतात, आणि त्यातला ‘गु’ म्हणजे आपला गुरूच. त्या मला ‘पुआन’ म्हणतात, आपण बाई म्हणावं तसं. पहिले काही आठवडे तर ओळखीची माणसं परक्या गावात भेटावीत तसे शब्द भेटत होते. भाषा म्हणजे बहासा, नाव म्हणजे नामा, किंमत म्हणजे हार्गा (आपला अर्घ), म्हणून-कारण यातलं कारण म्हणजे करना. चिंता तिकडे जाऊन प्रेम झाली आहे, चिंता म्हणजे प्रेम. द्राक्षं मात्र आंगुर. नाशिकच्या माणसाला हे दोन शब्द आधी लागतात, आंगुर आणि बावांग. बावांग म्हणजे कांदा.

क्रियापदाला काळ नाही, लिंग नाही, वचन नाही. मला वाटलं, सोपं आहे. मग उपसर्ग आले.

‘कोणी काय केलं’ असं सरळ सांगायचं तर क्रियापदाच्या आधी ‘म’ आणि एक अनुनासिक लागतं. ते अनुनासिक कोणतं, हे पुढच्या अक्षरावर ठरतं. चिकगुंनी त्याचा तक्ता पाठवला होता आणि घोकायला सांगितलं होतं. मी तो तक्ता बघत बसले आणि एकदम दिसलं की ही आपली वर्णमाला आहे. पुढे पवर्ग असेल तर म, तवर्ग असेल तर न, कवर्ग असेल तर ङ. बली म्हणजे विकत घेणे, त्याचं मम्बली. तिम्बांग म्हणजे वजन करणे, त्याचं मनिम्बांग. कुपास म्हणजे सोलणे, त्याचं मङुपास. पहिलीच्या पाटीवर गिरवलेला, आयुष्यात कधी न वापरलेला ङ मला इपोहच्या बाईंनी कामाला लावून दिला! वर्गातलं पहिलं कठोर अक्षर, म्हणजे क, त, प, आणि त्यांच्यासोबत स, अनुनासिकात विरघळून जातं. ग, द, ब टिकून राहतात. च सुद्धा टिकतो. तिम्बांगमधला त कुठे गेला, हे वर्णमाला डोळ्यांपुढे असली की विचारावं लागत नाही.

आणि मग कर्मणी. तिथे ‘म’ जातो, ‘दि’ येतो आणि विरघळलेलं अक्षर परत येतं. मनिम्बांगचं दितिम्बांग. ‘बावांग इतू दितिम्बांग ओलेह पकर्जा’, म्हणजे तो कांदा कामगारांकडून तोलला जातो. पकर्जा म्हणजे कामगार, त्यात आपलं कार्य बसलं आहे. ओलेह म्हणजे ‘कडून’, आणि करणारा क्रियापदाला लागूनच आला तर ओलेह गाळलं तरी चालतं. मला कर्मणी आवडायला लागला तो इथे, कारण त्यात धातू अख्खा दिसतो. मलय शब्दकोश धातूप्रमाणे लावलेला असतो. मनिम्बांग शोधायचं तर ‘त’मध्ये जावं लागतं. दितिम्बांगमधून ‘दि’ काढा, धातू हातात.

मी भराभर वाक्यं केली. तेव्हा बंदी उठली होती, पहिला कंटेनर लागला होता, आणि मला पोर्ट क्लांगला पहिलं मलय पत्र माझ्या हातानं लिहायचं होतं. ‘तो कांदा आम्ही पाठवला आहे.’ मी लिहिलं: बावांग इतू सुदाह दिहांतार ओलेह कामी. हांतार म्हणजे पाठवणे, सुदाह म्हणजे झालेलं आहे, कामी म्हणजे आम्ही. (समोरच्याला धरून असेल तर किता. आमचं आम्ही आणि आपण त्यांच्याकडेही वेगवेगळं आहे, हे कळलं त्या दिवशी मी दोनदा वही उघडून बघितलं.)

चिकगुंनी वाक्यावर लाल रेघ मारली. ‘पुआन, ओलेह कामी नाही. ओलेह साया नाही. ओलेह आवाक पण नाही.’ साया म्हणजे मी, आवाक म्हणजे तू. दि आणि ओलेह हे तिसऱ्या माणसासाठी. बोलणारा आणि ऐकणारा यांना ते लावायचं नाही. तिथे नुसता धातू आणि त्याच्या आधी चिकटून सर्वनाम: बावांग इतू सुदाह कामी हांतार. मी दुरुस्ती करताना ‘कामी सुदाह हांतार’ असं फिरवलं, तर तेही खोडलं गेलं. कामी आणि हांतार यांच्या मधे काहीही घालायचं नाही. ‘झालं’, ‘नाही’, ‘अजून नाही’, सगळं त्यांच्या अलीकडे. ‘ते पत्र मी अजून वाचलेलं नाही’ म्हणजे सुरात इतू बलुम साया बाचा. बलुम आधी, मग साया बाचा, एका श्वासात.

मी विचारलं, असं का? मी आणि तू यांनीच काय केलंय? त्या म्हणाल्या, नियम आहे, बोलताना लोक काहीही म्हणतात, पण लिहिताना हेच बरोबर. मला ते पचलं नाही. दोन दिवस इंदिरानगर ते पिंपळगाव येता-जाता, ओझरच्या पुढे महामार्गावर ट्रकच्या मागे अडकलेली, मी तेच घोळवत होते.

आई निफाड तालुक्यातल्या शाळेत मराठी शिकवायची. आता माझ्याकडेच असते. रात्री ती लसूण सोलत बसली होती, तिला मी सगळं सांगितलं. तिने सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, ‘रामाने कांदा तोलला. कोणता प्रयोग?’

‘कर्मणी.’

‘सीतेने?’

‘सीतेने कांदा तोलला. कर्मणीच.’

‘आता तू तोल.’

‘मी कांदा तोलला.’

‘ने कुठे गेला?’

मी गप्प बसले. मी कांदा तोलला, मी गोणी तोलली, मी कांदे तोलले. क्रियापद कांद्याच्या आणि गोणीच्या मागे चाललंय, प्रयोग कर्मणीच आहे. पण रामाला ने, सीतेला ने, त्याने, तिने, त्यांनी, आणि मला काही नाही. तुलाही काही नाही. आम्ही, तुम्ही, आहे तसेच. चाळीस वर्षं हे बोलतेय आणि मला कधी दिसलं नव्हतं. तिसऱ्याला खूण लावायची, बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला नाही, हे माझ्या तोंडात जन्मापासून होतं.

‘तुझी आजी काय म्हणायची?’ आईने विचारलं. आजी म्हणायची, म्या केलं. ‘जुन्या मराठीत म्यां होतं, तुवां होतं. खूण होती. नंतर झिजली. आणि तू खाल्लास म्हणतेस ना, त्यातला स बघ, क्रियापद कर्माकडे पण बघतं आणि तुझ्याकडे पण. त्याला संकर म्हणतात.’ एवढं बोलून तिने लसणाची ताटली माझ्याकडे सरकवली. दोन्ही भाषांचं एकच कारण आहे असं मी म्हणत नाही. त्यांची घराणी वेगळी, मलयचं तिकडे बेटाबेटांवर वाढलं. पण त्या रात्रीपासून ‘कामी हांतार’ मला घोकावं लागलं नाही.

उरलेले प्रकार मग आईबरोबरच झाले, कारण प्रत्येक वेळी मराठी बाजू तिने पुरवली. ‘तर’ हा उपसर्ग लागला की गोष्ट नकळत झालेली असते. तुम्पाह म्हणजे सांडणे, तर्तुम्पाह म्हणजे सांडलं गेलं, मुद्दाम नाही. आई लगेच म्हणाली, ‘माझ्या हातून सांडलं.’ बरोबर तेच. त्यानंतर कना. कना म्हणजे लागणे, बसणे, वाट्याला येणे. कना माराह म्हणजे बोलणी खाल्ली. कना तिपू म्हणजे फसवला गेला. इथे करणाऱ्यापेक्षा सोसणारा महत्त्वाचा. चांगल्या गोष्टीला हा शब्द सहसा लावत नाहीत. मार बसला, दंड बसला असं आपण म्हणतो, बक्षीस बसलं म्हणत नाही, तसं. आणि बावांग कना हुजान म्हणजे पाऊस लागलेला कांदा. एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा शेतात काढून पडलेला असताना अवकाळी येतो, त्यानंतर चाळीत भरलेला माल कसा आतून सडतो, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे तीन शब्द पुरे आहेत. तिकडच्या गोदामातल्या माणसाने एका फोटोखाली हेच लिहिलं होतं. मी ते मोबाइलला न विचारता वाचलं.

मलयमध्ये कर्मणी हा हौसेचा अलंकार नाही, त्याच्याशिवाय काही वाक्यं होतच नाहीत, हेही या कांद्यांमुळेच कळलं. ‘शेतकऱ्याने पाठवलेला कांदा’ म्हणायचं तर मधे ‘यांग’ येतो, आपल्या ‘जो’सारखा. पण यांगच्या पुढे ‘म’वालं कर्तरी क्रियापद लावून शेतकऱ्याला मधे बसवता येत नाही. कांद्याला जोडायचं तर क्रियापद कांद्याच्या बाजूचंच हवं: बावांग यांग दिहांतार ओलेह पतानी. पतानी म्हणजे शेतकरी. ‘पाठवलेला’ हा आपला शब्दही कांद्याच्याच बाजूचा आहे, पाठवणाऱ्याच्या नाही.

पत्र गेलं. बावांग इतू सुदाह कामी हांतार. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: सुदाह कामी तरीमा, तरीमा कासिह. पत्र मिळालं आम्हाला, धन्यवाद. त्यांनीही कामी क्रियापदाला चिकटवूनच ठेवलं होतं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने चष्मा लावून स्क्रीन जवळ घेतली, काही कळत नसतानाही सगळं वाचलं.

मग म्हणाली, ‘आईने केलेली भाजी, सांग बघू.’

‘सायुर यांग दिमासाक ओलेह इबू.’

‘आणि मीच म्हणत असेन तर?’

‘सायुर यांग साया मासाक.’

‘ओलेह गेलं,’ ती म्हणाली, आणि कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून घेतली.