ड्रॅगन्स डॉग्मा २ घ्यावा का?

२२ मार्च २०२४ ला आलेल्या या गेमवरून अजूनही दोन तट आहेत. विकत घेण्याआधी आपल्या पीसीचा प्रोसेसर बघा. खरा भार ग्राफिक्स कार्डपेक्षा त्याच्यावरच पडतो, कारण गेम गावातल्या प्रत्येक माणसाची हालचाल सतत मोजत असतो. म्हणून रानात सुरळीत चालणारा गेम व्हर्नवर्थ शहरात अडखळतो, आणि तिथे ग्राफिक्स सेटिंग्ज उतरवून फारसा फरक पडत नाही.

स्टीम या पीसी गेम्सच्या ऑनलाइन दुकानात १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. त्या दोन तासांतला वेळ वाचावा म्हणून आपलं पात्र आधीच कॅरेक्टर क्रिएटर या वेगळ्या, मोफत प्रोग्राममध्ये तयार ठेवा. गेम सुरू झाला की बॉर्डरवॉच चौकीवरून बैलगाडीने थेट व्हर्नवर्थ गाठा, बाजारात फिरा आणि फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात ते) बघा. निकाल तिथेच लागतो.

गेममध्ये वेगळे पैसे देऊन मिळणाऱ्या वस्तूंवरून गदारोळ झाला, पण त्या खेळतानाही मिळतात, विकत घेऊ नका. प्रवास मात्र मुद्दाम पायी ठेवलाय. क्षणात दूर पोचवणारे फेरीस्टोन गेममध्ये महाग आहेत. वाटेत ग्रिफिन हा पंखवाला राक्षसी प्राणी झडप घालतो, त्याच्या पाठीवर चढता येतं! हे आवडणार असेल तर जरूर घ्या. पायपीट कंटाळवाणी वाटत असेल, तर सेलमध्येही नको.