नोंद क्रमांक १४ आणि १५

शिक्षक आणि विद्यार्थ्यांसाठी चालणाऱ्या एका ब्लॉग प्लॅटफॉर्मवर मी प्रोग्रॅमर आहे. मुलं लिहितात, वर्गशिक्षक वाचून मान्यता देतात आणि मग तो लेख वर्गाला दिसतो. टीम लहान असल्यामुळे जो फीचर लिहितो, तोच पहिले काही दिवस शिक्षकांचे फोनही घेतो. त्या दिवशी फोन माझ्याकडे होता.

सकाळी सातला आम्ही तीन नव्या सोयी सुरू केल्या. वर्गमित्राच्या लेखावर आलेली प्रत्येक कमेंट आधी शिक्षकांकडे जाईल, ही पहिली. ज्यांना अजून टाइप करणं जड जातं अशा लहान मुलांना बोलून लेख पाठवता येईल, ही दुसरी. या दोन्हींबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, त्या नीट चालल्या आणि आजही चालतात.

तिसरी सोय माझी होती. तिला आम्ही 'लेखनाचा प्रवास' असं नाव दिलं होतं. लेखाखाली एक पट्टी असायची. ती डावीकडून उजवीकडे सरकवली की लेख पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत कसा होत गेला ते दिसायचं. नव्याने लिहिलेलं हिरव्या रंगात, पुसलेलं लाल रंगात आणि वर आडवी रेघ.

ही मागणी शिक्षकांचीच होती. २०२२ च्या नोव्हेंबरअखेर चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या काही महिन्यांत आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला. चारशे शब्दांचा निबंध एका क्षणात पानावर येऊन पडतो, तो मुलाने लिहिला की कुठून उचलून चिकटवला, हे कळायला काही मार्ग द्या, असं शिक्षक कळवळून लिहीत होते. मला ते पटलं होतं. मुलाची मेहनतही त्यातून दिसेल असं मला मनापासून वाटत होतं, आणि आजही वाटतं.

आमचा प्लॅटफॉर्म वर्डप्रेस या ब्लॉग आणि वेबसाइट चालवायच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे. लेखाच्या जुन्या आवृत्त्या ठेवायची सोय वर्डप्रेसमध्ये २००८ च्या २.६ या आवृत्तीपासून आहे. त्याखेरीज एक ऑटोसेव्ह असतो. लिहिता लिहिता वीज गेली तर लेख हातचा जाऊ नये म्हणून दर ६० सेकंदांनी मजकूर जपून ठेवला जातो. पण हा ऑटोसेव्ह एका लेखकाचा एका लेखापुरता एकच राहतो. नवा आला की जुना पुसला जातो. आमच्या पट्टीला तेवढं पुरणार नव्हतं. प्रवास दाखवायचा तर प्रत्येक पाऊल हवं. म्हणून मी ते बदललं आणि मजकुरात फरक पडला असेल तर दर मिनिटाची नोंद वेगळी ठेवायला सुरुवात केली. हे काम आम्ही दोन आठवडे आधीच चालू करून ठेवलं होतं, म्हणजे पहिल्या दिवशी शिक्षकांनी पट्टी उघडली की ती रिकामी दिसू नये. मुलांना सांगितलं नव्हतं. सांगायला हवं हे कोणाच्या मनातच आलं नाही, माझ्याही नाही.

आठ वाजून गेल्यावर पहिली तक्रार आली. एका सरांनी स्क्रीनशॉट पाठवला होता. मुलाने 'कि' खोडून 'की' केलं होतं आणि आमच्या पट्टीवर एका तुटक रेषेच्या गोलाला टेकलेली लाल वेलांटी दिसत होती, शेजारी तशीच हिरवी. मुलं विचारतायत हा गोल कसला, असं सरांनी लिहिलं होतं. कारण लगेच लक्षात आलं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक ज्या पद्धतीने अक्षरं साठवतो तीत, देवनागरीची मात्रा हे स्वतंत्र चिन्ह असतं. आपण 'क्षि' एक अक्षर म्हणून वाचतो, पण संगणकाकडे ती चार चिन्हं असतात: क, हलन्त, ष आणि वेलांटी. मी चिन्हाला चिन्ह ताडून फरक काढत होतो, त्यामुळे वेलांटी अक्षरापासून सुटत होती, आणि व्यंजनाशिवाय एकटी पडलेली मात्रा दाखवताना फॉन्ट तो तुटक गोल काढतो. मी चिन्हांऐवजी अख्खे शब्द ताडायला लावले. दहाच्या आत दुरुस्ती सर्व्हरवर गेली. आता लाल आणि हिरवे शब्द स्वच्छ, पूर्ण दिसत होते. सरांनी धन्यवाद कळवले. मला समाधान वाटलं.

बारा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. आवाज हळू होता. मधल्या सुट्टीत कुठल्यातरी कोपऱ्यातून बोलत असाव्यात.

"सर, ते पुसलेलं दिसतं ना, ते कायमचं काढता येतं का?"

"कुठल्या लेखातलं, मॅडम?"

त्यांनी वर्ग सांगितला, लेखाचं नाव सांगितलं. विषय होता 'माझी आवडती जागा'. मग जरा थांबून त्यांनी घडलेलं सांगितलं. नवी पट्टी त्यांना फार आवडली होती. चांगलं लेखन एका बैठकीत होत नाही, लिहिणारा लिहितो, खोडतो, परत लिहितो, हे त्या वर्षानुवर्षं मुलांना तोंडाने सांगत आल्या होत्या आणि आता ते डोळ्यांना दाखवता येणार होतं. म्हणून त्यांनी वर्गातला सगळ्यात चांगला लेख निवडला आणि प्रोजेक्टरवर लावला. लिहिणारी मुलगी दुसऱ्या बाकावर होती. तिला आधी विचारलं होतं का, असं मी विचारलं. "लेख दाखवू का, विचारलं. हो म्हणाली, खूश झाली," त्या म्हणाल्या. लेख म्हणजे तिला शेवटी दिसतो तोच माहीत होता.

पट्टी सरकत गेली. मुलं मजेत बघत होती, एखादा शब्द बदलला की "ओ" करून ओरडत होती. आणि मग भिंतीवर एक अख्खं वाक्य लाल रंगात आलं. घरातलं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने ते मोठ्याने वाचलं, वाचून झाल्यावर त्यालाच कळलं आणि तो गप्प झाला. मॅडमनी प्रोजेक्टर बंद केला. तिने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

"मी तुम्हाला वाचून दाखवते, म्हणजे शोधायला—"

"नको, मॅडम," मी म्हणालो. "ते वाक्य मला सांगू नका. मी त्याशिवाय शोधतो."

हे मी का म्हणालो ते तेव्हा नीट सांगता आलं नसतं. इतकंच वाटलं की ऐकणाऱ्यांत आणखी एकाची भर नको.

मी नोंदींची यादी उघडली, पण मजकुराचा रकाना बंद ठेवला. फक्त क्रमांक, वेळ आणि एकूण चिन्हांची संख्या. तेवढ्यावरूनही दिसलं. नोंद १३ मध्ये ४१२ चिन्हं. नोंद १४, दहा बावीस, ४३१. नोंद १५, दहा तेवीस, ४५३. पुढची नोंद १६ थेट दहा एकोणतीसची, आणि तीत पुन्हा ४१२. मग नोंद १७ मध्ये ४२८.

मी सांगितलं तसं, फरक पडला तरच नोंद व्हायची. म्हणजे एक्केचाळीस चिन्हांचं ते वाक्य लिहून झाल्यावर सहा मिनिटं तिने काहीच लिहिलं नव्हतं. काही खोडलंही नव्हतं. मग सगळं एकदम पुसलं. आणि पुढच्या मिनिटात त्याच जागी जे आलं ते अंतिम लेखात सगळ्यांना दिसत होतंच: "इथे शांत वाटतं." आधीच्या वाक्यानंतरची मोकळी जागा धरून सोळा चिन्हं.

त्या सहा मिनिटांवर मी बराच वेळ अडकून राहिलो. एवढा विचार करून एका मुलीने ठरवलं होतं की हे सांगायचं नाही. आणि मी तिच्या वतीने उलट ठरवून टाकलं होतं. सकाळी आठच्या बिघाडासह ती पट्टी तशीच राहिली असती, तर ते वाक्य भिंतीवर तुटक गोलांच्या आणि सुट्या मात्रांच्या गर्दीत आलं असतं, कदाचित कोणाला धड वाचताही आलं नसतं. दहाच्या आधी मी ते वाचण्याजोगं करून दिलं होतं.

मुलांच्या खासगीपणाची काळजी आम्ही घेतली नव्हती असं नाही. आडनावं दिसत नाहीत, वर्गाबाहेरच्याला लेख उघडत नाहीत, पालकांची संमती घेतलेली असते. युरोपच्या जीडीपीआर या माहिती संरक्षण कायद्याच्या १७ व्या कलमातला माहिती पुसून मागण्याचा हक्क लक्षात घेऊन खातं आणि लेख काढून टाकायचं बटणही दिलेलं आहे. पण ही सगळी राखण बाहेरच्या माणसापासूनची. एका मुलाला आपलं खोडलेलं वाक्य आपल्याच वर्गापासून आणि आपल्याच बाईंपासून राखायचं असेल, ही शक्यता आमच्या कुठल्याच कागदावर नव्हती. एक वाक्य पुसायला बटण नव्हतं, कारण एक वाक्य तर तिने पुसलेलंच होतं.

नोंद १४ आणि १५ मी डेटाबेसमधून काढल्या. मग मॅडमना फोन करून खरं ते सांगितलं: पट्टीतून गेलं आहे, पण रोज पहाटे आम्ही सगळ्याचा बॅकअप घेतो आणि प्रत्येक प्रत ३० दिवस राहते. आजच्या पहाटेच्या प्रतीत ते वाक्य आहे. ती प्रत कोणी उघडत नाही, पण आहे. त्या म्हणाल्या, "तिला काय सांगू?" मी म्हणालो, "हेच सांगा."

दुपारी टीमची बैठक झाली. पट्टी आजच बंद करावी असं मी म्हणालो. टीममधल्या एकीने हरकत घेतली आणि तिचं म्हणणं पोकळ नव्हतं. त्याच सकाळी दुसऱ्या शाळेतल्या एका शिक्षिकेचं पत्र आलं होतं: एका मुलाने इतका चांगला लेख लिहिला की त्याने तो चोरला असावा असं सगळ्यांनी धरलं होतं, आणि पट्टीत त्याच्या एकसष्ट नोंदी निघाल्या. चुकत, खोडत, अडखळत त्याने तो स्वतःच लिहिला होता. शिक्षिकेने वर्गासमोर त्याची माफी मागितली होती. ही सोय बंद केली तर अशा मुलाने काय करायचं, असं सहकारी विचारत होती. मी ते पत्र दोनदा वाचलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण एक फरक दिसत होता. त्या मुलाला आपला प्रवास दाखवायला आवडला असता. त्यालाही कोणी विचारलं मात्र नव्हतं.

संध्याकाळी सहाला पट्टी सगळ्या शाळांसाठी बंद झाली. सगळ्या शिक्षकांना पत्र गेलं, त्यात कारण लिहिलं. मुलांसाठी वेगळं पत्र मी लिहिलं. ते सोपं करायला मला अख्खी संध्याकाळ लागली: गेले दोन आठवडे तुम्ही लिहिलेलं आणि पुसलेलं आम्ही तुम्हाला न सांगता ठेवत होतो, ते चुकलं, आता ते काढून टाकत आहोत. काही शिक्षक नाराज झाले. त्यांची अडचण खरी होती आणि मी त्यांना फोनवर तसं सांगितलं.

पट्टी परत आली तेव्हा ती मुलाच्या हातात होती. नोंदी ठेवायच्या की नाही ते लिहायला बसतानाच मूल ठरवतं आणि नोंद चालू असेल तर पानाच्या वर एक हिरवा ठिपका दिसत राहतो. प्रवास आधी मुलाला दिसतो. नको ती पावलं त्याला काढता येतात, आणि काढल्याचा मागमूस पट्टीवर राहत नाही. या शेवटच्या मुद्द्यावर टीममध्ये सगळ्यात जास्त वाद झाला. मधली पावलं गाळलेली कळली नाहीत तर नक्कल कशी पकडणार, हा प्रश्न होता. सगळ्या नकला यातून पकडल्या जाणार नाहीत, हे मी मान्य केलं. माझं म्हणणं एवढंच होतं की गाळलेली जागा दाखवली तर तिथे काय होतं हे मुलाला कोणीतरी विचारणारच.

मॅडमचा निरोप मध्ये एकदा आला. मुलगी लिहायला लागली आहे, पण आधी वहीत लिहिते आणि मग टाइप करते. तिने त्यांना विचारलं होतं, ते पहाटेचं गेलं का?

मी दिवस मोजत होतोच. एकतिसाव्या दिवशी सकाळी ऑफिसात आल्यावर आधी बॅकअपची यादी उघडली. त्या तारखेची प्रत नव्हती. सर्व्हरवर दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली जोडप्रतही पाहिली, तीही नव्हती. मॅडमना लिहिलं: "आज गेलं."

दोन मिनिटांत उत्तर आलं: "सांगते तिला."