भिंतीवरची पाटी

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात मी स्टाफ नर्स आहे. त्या दिवशी सकाळची ड्युटी संपतच आली होती. दीडच्या सुमाराला एक सासूबाई सुनेला रिक्षातून घेऊन आल्या. "पाळी आलीये हिला, फार दुखतंय. एखादं इंजेक्शन द्या." नवरा अंबडच्या कंपनीत, फोन लागत नव्हता.

तिचा हात धरला आणि मी दचकले. गार, घामेजलेला. पापणी ओढून पाहिली तर आत पांढरी फटक. नाडी १३०, बीपी ८०च्या वर जाईना. आणि पॅडवर रक्त जेमतेम. मग एवढं रक्त गेलं कुठे? "आणखी कुठे दुखतंय का?" म्हटलं, तर तिने उजव्या खांद्यावर हात ठेवला. पोटात रक्त साठलं की कधीकधी कळ खांद्यात येते, हे आम्ही शिकलेलो असतो. मी डॉक्टर मॅडमना हाक मारली.

सासूबाईंना केसपेपरसाठी बाहेर पाठवलं आणि शीर शोधता शोधता विचारलं, "ताई, काही गोळ्या घेतल्यात का?"

आधी मान हलवून नाही म्हणाली. मग डोळे भरून आले. "सिस्टर, आईंना नका सांगू. पोलीस येतील ना?" उशाशी ठेवलेल्या पर्सकडे तिने बोट केलं. आत रुमालात गुंडाळलेली स्ट्रिप. एक खाच वेगळी, चार एकत्र, पाचही रिकाम्या.

गर्भपाताच्या गोळ्या. नवऱ्याने गल्लीतल्या मेडिकलमधून आणल्या होत्या. चिठ्ठी मागितली नाही, बिल दिलं नाही. "आज एक, परवा चार," एवढीच माहिती. रक्त वाढलं तर काय करायचं, हे सांगितलं नाही. दहा महिन्यांचं बाळ अंगावर पीत होतं, पाळी नीट सुरूच झालेली नव्हती, त्यामुळे दिवस किती गेलेत हे तिलाही ठाऊक नव्हतं.

सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी आणि पोट रक्ताने भरलेलं. गर्भ पिशवीत नव्हताच, उजव्या गर्भनळीत होता आणि नळी फुटली होती. या गोळ्या नळीतल्या गर्भावर काम करत नाहीत. पण पिशवीचं अस्तर सुटून थोडं रक्त जातं, आणि बाईला वाटतं, झालं, साफ झालं. तिलाही तसंच वाटलं. चार दिवस ती दुखणं गिळत राहिली.

ऑपरेशनमध्ये पोटातून दीड लिटरच्या आसपास रक्त निघालं. नळी काढावी लागली. नवरा कंपनीच्या युनिफॉर्ममध्येच रक्तपेढीकडे धावला. सासूबाईंना मॅडमनी सांगितलं, गर्भ नळीत राहिला होता, ती फुटली. गोळ्यांबद्दल एक अक्षर नाही. बाईची ओळख उघड केली तर कायद्यात १ वर्षापर्यंत कैद आहे. पण मला वाटतं, कायदा नसता तरी मॅडम बोलल्या नसत्या.

तिसऱ्या दिवशी तिला चालवत होते. सोनोग्राफीच्या खोलीपाशी ती थबकली आणि पाटीकडे बघत राहिली. येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो गुन्हा आहे. म्हणाली, "बाळाच्या वेळी तपासायला जायचे तिथेही हीच पाटी होती. म्हणून दवाखान्यात आलेच नाही."

मला क्षणभर काही सुचेना. मग भिंतीला टेकवून तिला सगळं सांगितलं. गुन्हा आहे तो मुलगा की मुलगी हे बघण्याचा. गर्भपाताचा कायदा १९७१पासून आहे. २० आठवड्यांपर्यंत एका पात्र डॉक्टरचं मत पुरतं, १८ वर्षांवरच्या बाईला नवऱ्याचीसुद्धा सही लागत नाही. ९ आठवड्यांच्या आत गोळ्यांनीही होतं, पण डॉक्टरच्या हातून. गर्भ कुठे आहे, रक्त किती आहे, हे बघूनच.

तिने शांतपणे ऐकलं. "मग हेही लिहा ना पाटीवर."

मॅडमनी नवऱ्याला त्या मेडिकलची अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायला सांगितलं. त्याने हात जोडले. गल्लीतलंच दुकान, सगळ्यांना कळेल. आम्ही जबरदस्ती केली नाही. रिकामी स्ट्रिप माझ्याकडेच राहिली. ड्युटीला येताना मी त्या दुकानावरूनच येते. संध्याकाळी तिथे गर्दी असते.