सहल निघते, नदी सुटत नाही

सांगलीचा उन्हाळा कौतुक करण्यासारखा मुळीच नाही. एप्रिलमध्येच पारा चाळिशीला टेकतो, दुपारी पेठेतले दुकानदार अर्धे शटर ओढून आत पंख्याखाली आडवे होतात, आणि संध्याकाळी वळिवाचे ढग दाटून आले तरी बहुतेक वेळा नुसता फुफाटा उडवून ते निघून जातात. तरीही परीक्षा संपल्या की पुण्या-मुंबईची भाचरे याच गावाकडे धावतात, आणि एकदा ती आली की ‘आज कुठे जायचे’ हा प्रश्न रोज सकाळी चहाबरोबर टेबलावर येतो. त्या प्रश्नाची उत्तरे शोधता शोधता माझे असे ठाम मत झाले आहे, की सांगलीहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी ठिकाणे मोजायला बसले तर यादी बरीच लांबते, पण त्यातली निम्म्याहून अधिक ठिकाणे म्हणजे कृष्णाच असते. गाडी उत्तरेला काढा नाही तर दक्षिणेला, जेवणाचे डबे शेवटी कुठल्या तरी घाटाच्या पायरीवरच उघडतात.

पावसाळ्यात सांगलीकर नदीला फुटांनी ओळखतो. १९२९ साली बांधून झालेल्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच पाणी ५७ फुटांवर गेले होते, आणि ज्यांच्या घरात ते शिरले त्यांच्या भिंतींवरच्या रेषा रंगाच्या दोन हातांखालूनही काही वर्षे दिसत राहिल्या. मे महिन्यात मात्र हीच नदी पात्राच्या तळाशी मुकाट्याने पडून असते, घाटाच्या एरवी न दिसणाऱ्या पायऱ्या उघड्या पडतात आणि तिला फुटपट्टी लावायला कोणी जात नाही. त्या दिवसांत तिच्याविषयी विचारला जाणारा प्रश्न एकच असतो, ‘कोयनेतून पाणी सोडले का?’ कऱ्हाडला कोयना येऊन मिळते, आणि उन्हाळ्यात सांगलीपर्यंत जे पाणी पोहोचते त्यातले बहुतेक त्या धरणातून सोडलेले असते. पुढे म्हैसाळच्या योजनेचे पंप ते उचलून मिरज, कवठेमहांकाळ आणि जत तालुक्यांतल्या शेतांकडे चढवतात. म्हणजे भाचरे ज्या पाण्यात तासन्‌तास डुंबतात, ते एका अर्थी कोणाच्या तरी द्राक्षबागेकडे निघालेले पाणी असते, वाटेत घटकाभर सांगलीत थांबलेले.

डुंबण्याचा कार्यक्रम सकाळी लवकर उरकावा लागतो, कारण दहानंतर घाटाचा दगड इतका तापतो की मुले चवड्यांवर उड्या मारतच पाणी गाठतात. शेवटच्या दोन-तीन पायऱ्यांवर शेवाळ असते. नवखा माणूस तिथे उभ्याने उतरायला जातो आणि आपटतो, तर रोजचा माणूस आधीच खाली बसतो आणि बसल्या बसल्या पाण्यात घसरतो. पोहायला शिकवण्याची इथली रीतही जुनी आहे. मुलाच्या पाठीला सुकवलेला भोपळा किंवा झाकण पक्के बंद केलेला पत्र्याचा डबा बांधायचा, पोटाखाली तळहात धरायचा, आणि हातपाय जरा तालात पडू लागले की तो तळहात काही न बोलता काढून घ्यायचा. हे काम करणारे काका दर घाटावर असतात. ते नेमके कोणाचे काका आहेत याची चौकशी कोणी करत नाही, आणि तेही कोणाचा मुलगा आहे हे न विचारता त्याला पाण्यात ढकलतात. मोठी मुले वरच्या कठड्यावरून सूर मारतात, त्याहून मोठी मुटका मारून काठावर बसलेल्या आयांना भिजवतात आणि शिव्या खातात.

या चित्रात गेल्या काही वर्षांपासून मगरही आली आहे. खरे तर ती आधीपासूनच होती, आता ती वरचेवर दिसू लागली आहे इतकेच. औदुंबर, भिलवडी, डिग्रज या पट्ट्यात काठावर ऊन खात पडलेल्या मगरीचे छायाचित्र स्थानिक वृत्तपत्रांत उन्हाळ्यात हमखास छापून येते. मगरीची मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पाऊस तोंडावर आला असताना, मे-जूनमध्ये, पिले बाहेर पडतात. तोवर ती त्या जागेच्या आसपास राखण करत असते आणि जवळ येणाऱ्याची गय करत नाही. त्यातच पाणी आटल्यामुळे माणूस, म्हैस आणि मगर असे सगळेच उरलेल्या डोहांपाशी गोळा होतात. काठच्या गावांत माणसे दगावली आहेत, त्यामुळे ही गंमत म्हणून सांगण्याची गोष्ट नाही. वन खात्याने लावलेल्या सूचनाफलकावर धुतलेली चादर वाळत घातलेली पाहिली की मला मात्र मगरीपेक्षा माणसाचीच अधिक धास्ती वाटते. आमच्या घरी नियम असा आहे की वर्दळीचा घाट सोडून मुलांनी कुठेही पाण्यात उतरायचे नाही, आणि बाहेरगावी गेल्यावर पाणी फक्त पाहायचे.

पाणी नुसते पाहण्यासाठी सर्वांत जवळचे ठिकाण म्हणजे हरिपूर. सांगलीपासून ते इतके जवळ आहे की त्याला सहल म्हणणे म्हणजे सहलीचा अपमान, पण दुतर्फा झाडांच्या सावलीतून जाणारा तो रस्ता सायकलने गेल्यास एक अख्खी संध्याकाळ सहज खातो. तिथे वारणा कृष्णेला येऊन मिळते आणि त्या संगमावरच संगमेश्वराचे देऊळ आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल यांचा जन्म याच गावचा, त्यामुळे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभे केलेल्या सांगलीतून कोणी पाहुणा आला की त्याला देवलांविषयी चार शब्द ऐकवल्याशिवाय गावकरी सोडत नाहीत. मला स्वतःला हरिपुरात जास्त आकर्षण आहे ते हळदीच्या पेवांचे. जमिनीच्या पोटात खोल खणलेली, आत ऐसपैस आणि वर जेमतेम माणूस उतरेल एवढ्याच तोंडाची ही कोठारे. तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, म्हणून कीड लागत नाही आणि हळद वर्षानुवर्षे टिकते. मात्र पेव उघडल्यावर त्याच कारणाने माणसाचा जीवही गुदमरू शकतो, म्हणून आधी दिवा सोडून पाहण्याची पद्धत होती. दिवा तेवत राहिला तर उतरायचे. २००५ च्या महापुराने यातली बरीच पेवे निकामी केली. नदीकाठची माती पेवांसाठी चांगली म्हणून ती तिथे खणली गेली आणि नदीनेच ती बुडवली, यावर हरिपूरचे जुने लोक फारसे बोलत नाहीत. विचारलेच तर ‘चालायचंच’ म्हणतात.

वरच्या अंगाला औदुंबर आहे. दत्ताचे देऊळ, उंबरांची सावली, दगडी घाट आणि पलीकडच्या तीरावर भुवनेश्वरीचे देऊळ. इथे मुलांना सर्वांत जास्त काय आवडत असेल तर नाव. मोबाइलवर मोटारींच्या शर्यती खेळणारी मुले काठीने आणि वल्ह्याने सरकणाऱ्या त्या नावेत बसली की पाच मिनिटे एकदम गप्प होतात, आणि मग ‘नावाडीकाका, मगर कुठे आहे?’ या एकाच प्रश्नाचा मारा सुरू होतो. नावाडी प्रत्येकाला वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. पलीकडे देवीचे दर्शन, परत येताना पेढे, आणि मग काठच्या मळीत पिकलेल्या वांग्यांचे भरीत आणि भाकरी. कृष्णाकाठच्या वांग्यांची ख्याती मी नव्याने सांगायला नको. एवढेच म्हणतो, की ती वांगी खाऊन वाढलेल्या माणसाला पुण्यात मंडईतून आणलेल्या वांग्याचे भरीत वाढले तर तो संकोचाने खातो, पण दुसऱ्यांदा मागत नाही.

नदी नसलेली ठिकाणेही आहेत आणि ती आम्ही टाळतो असे नाही. सागरेश्वरचे अभयारण्य आहे, माणसांनी उजाड डोंगरावर झाडे लावून उभे केलेले, धों. म. मोहित्यांच्या चिकाटीचे फळ. तिथे सांबर-चितळ पाहायचे तर भल्या पहाटे जावे लागते, आणि सुट्टीत आलेली मुले त्या वेळी उठत नाहीत. दंडोबाच्या डोंगरातले खोदीव देऊळ आत शिरल्यावर गार असले तरी तिथवर चढताना जीव जातो. मिरजेत सतारमेकर गल्लीतून फेरी मारली तर सतारीसाठी आणलेल्या भोपळ्यांच्या राशी आणि तारांचा नाद खुलावा म्हणून सतारीच्या घोडीला जवारी लावणारे कारागीर पाहता येतात. तासगावाकडे एखाद्या ओळखीच्या बेदाण्याच्या शेडवर गेलो तर जाळ्यांच्या थरांवर हिरवे मणी सुरकुतत पडलेले दिसतात, मुले खिसे भरून घेतात आणि मालक आभाळाकडे बघत आमच्याशी बोलत असतो, कारण ज्या वळिवाची आम्ही उकाड्यामुळे वाट पाहतो त्याच वळिवाने त्याचा वर्षाचा माल काळा पडू शकतो. ही सगळी ठिकाणे चांगली आहेत. पण तिथून परतताना गाडीत कोणीतरी ‘आता नदीवर जाऊ या’ असे म्हणतेच.

खरी दिवसभराची सहल म्हणजे खालच्या अंगाची, नरसोबाची वाडी आणि पुढे खिद्रापूर. वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. पावसाळ्यात पाणी देवळात शिरून दत्ताच्या पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर वाहू लागले की दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी लोटते. उन्हाळ्यात तेच पाणी इतके खाली असते की दर्शन आणि नदी यांच्यात पायऱ्यांची भली मोठी उतरण असते, आणि घरातली ज्येष्ठ मंडळी वरूनच हात जोडतात. दर्शनानंतर बासुंदी आणि कवठाची बर्फी. ही बर्फी पहिल्या घासाला आंबट लागते म्हणून मुले तोंड वाकडे करतात आणि कुरुंदवाड येईपर्यंत पुडा रिकामा होतो.

कुरुंदवाडनंतर रस्ता उसाच्या फडांमधून जातो. वाटेत राजापूरचा बंधारा लागतो, कृष्णा महाराष्ट्र सोडून जाण्याआधीचा शेवटचा. उन्हाळ्यात कर्नाटकासाठी पाणी सोडल्याच्या बातम्यांत त्याचे नाव हमखास येते. आणि मग नदीच्या वळणावर एक लहानसे गाव आणि त्यात १२ व्या शतकातले, शिलाहारांच्या काळातले कोपेश्वराचे देऊळ. बाहेर आवाराच्या फरशीवर अनवाणी पाऊल ठरत नाही, आणि आत पाऊल टाकताच काळ्या पाषाणाचा गारवा तळव्यांतून वर चढतो. देवळाच्या पायाशी चहूबाजूंनी हत्तींची रांग आहे, बहुतेकांच्या सोंडा तुटलेल्या. शंकराचे देऊळ असून समोर नंदी नाही. तो पलीकडे कर्नाटकात यडूरला आहे, आणि सती त्याच्यावर बसून माहेरी यज्ञाला गेली म्हणून इथे एकटा राहिलेला शंकर कोपलेला आहे, असे इथले लोक सांगतात. गाभाऱ्यात त्याची समजूत काढायला विष्णू धोपेश्वराच्या रूपाने शेजारी बसलेला आहे.

लोक खिद्रापूरला जातात ते स्वर्गमंडपासाठी. ४८ खांबांच्या या मंडपाचे छत मधोमध गोल उघडे आहे आणि त्याच्या बरोबर खाली तशीच गोल शिळा आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या मध्यरात्री चंद्र त्या झरोक्याच्या माथ्यावर येतो आणि ते पाहायला हल्ली बरीच गर्दी होते. माझे म्हणणे असे आहे, की ज्यांना गर्दी नको त्यांनी मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास जावे. त्या दिवसांत या अक्षांशावर सूर्य भर माध्यान्ही डोक्यावर असतो, माणसाची सावली त्याच्या पायाखाली नाहीशी होते, आणि झरोक्यातून उतरलेली उन्हाची चकती खालच्या शिळेवर जवळजवळ तंतोतंत बसते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो, त्यामुळे कार्तिकातला चंद्र आकाशातून ज्या उंचीने जातो साधारण त्याच उंचीने मेमधला सूर्य जातो. यात चमत्कार काही नाही, पण मंडपात उभे राहून तो हिशोब डोळ्यांदेखत जुळताना पाहणे फार सुखाचे आहे. चकतीची कड शिळेच्या कडेला येऊन टेकते, काही मिनिटे तशीच राहते आणि मग पूर्वेकडे ओघळू लागते. भाचरांपैकी एकाने त्या वेळी शिळेवर उभे राहून आपली सावली शोधली होती. ती सापडेना म्हणून तो बावरला, आणि लगेच सगळ्यांना आळीपाळीने तिथे उभे राहायचे होते. त्या मंडपात आम्ही दुपार काढतो. डबे उघडायला मात्र मागच्या बाजूला, नदीकाठी जातो.

एवढे सगळे करूनही मेच्या शेवटी घरात तक्रार उठतेच, की दरवर्षी तेच, दरवर्षी नदी, एकदा तरी थंड हवेच्या ठिकाणी न्या. तक्रार रास्त असते. मग एका दिवसाचा हट्ट सोडून आम्ही महाबळेश्वर गाठतो, स्ट्रॉबेरी खातो, धुके नसले तरी आहे असे म्हणत कड्यांवरून खाली बघतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींच्या आग्रहावरून क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात जातो. तिथे दगडी गोमुखातून बारीक धार पडत असते आणि पुजारी सांगतात की हीच कृष्णा. मुले माझ्याकडे वळून बघतात. मावशी मात्र पिशवीतून रिकामी बाटली काढतात, ती त्या धारेखाली धरून गळ्यापर्यंत भरतात, बूच घट्ट लावतात आणि सांगलीला न्यायचे तीर्थ सांडू नये म्हणून गाडीत परतभर मांडीवर घेऊन बसतात.