बाभळीवर टाकलेलं घड्याळ

साल्वादोर दालीचं ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’ हे १९३१ सालचं चित्र आहे जेमतेम २४ बाय ३३ सेंटीमीटरचं. एवढ्याशा जागेत चार घड्याळं. तीन मऊ पडलेली, चौथं नारिंगी, पालथं, टणक आणि मुंग्यांनी भरलेलं. पाघळणाऱ्या कॅमेम्बर चीजवरून हे सुचलं, असं दाली सांगायचा. भद्रावतीकडच्या आमच्या गावात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. इथल्या माणसाला हे चित्र फार समजावून सांगावं लागत नाही.

नागपूरच्या एका डॉक्टरांना त्यातलं फांदीवर लोंबणारं घड्याळ क्रिस्टलमध्ये, म्हणजे शिसं घातलेल्या काचेत, हवं होतं. नक्कल नको, तुमच्या पद्धतीनं करा, म्हणाले. मी मातीकामातून काचेकडे वळलेला माणूस, मला हे काम मनापासून हवं होतं. शिवाय खुद्द दालीनं १९६०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या नॅन्सी गावच्या दोम या जुन्या काचकारखान्याबरोबर अशी शिल्पं केली होती. काचेचे दाणे साच्यात भरून भट्टीत वितळवायचे, ही त्या कारखान्याची खासियत.

चित्रातली फांदी वठलेल्या झाडाची आहे. मी बांधावरची वाळलेली बाभूळ घेतली. आकडे देवनागरी ठेवले आणि तबकडीच्या पाठीमागून उलटे खोदले, म्हणजे समोरून पाहताना ते काचेच्या आत तरंगतात. मेणाची प्रतिकृती, त्यावर प्लास्टर आणि सिलिकाच्या भुकटीचा साचा, मग वाफेनं मेण काढायचं, शिशाची काच भरायची आणि भट्टी ८३० अंशांपर्यंत न्यायची. ३० सेंटीमीटर व्यासाची, चार किलोंहून जड तबकडी निघाली. साफ, सपाट आणि निर्जीव. ती फांदीवर झुकवायची होती, त्या दिवसाची ही गोष्ट.

आदल्या रात्रीच भट्टी लावली होती. दोन सेंटीमीटर जाडीची काच घाईनं तापवली की तडकते. फांदीचा आकार मी त्याच साच्याच्या मिश्रणात ओतून घेतला होता, त्यावर तबकडी आडवी ठेवलेली. माझ्याबरोबर गावातले कुंभारकाम केलेले काकाजी होते. भट्टीच्या भोकातून नुसता रंग पाहून ते आच ओळखतात, आणि मीटरच्या आधी मी त्यांच्याकडेच बघतो. सव्वासहाशेच्या आसपास आत मंद लाली होती. बराच वेळ काही झालं नाही. मग काकाजी हळूच म्हणाले, “बापू, थे पाय, कडा हालली.”

मी डोळा लावला. उजवी कड खरंच खाली येत होती, घड्याळाच्या मिनिटकाट्यासारखी, हलताना न दिसणारी. डावी मात्र फांदीच्या गाठीवर अडली होती. दालीनं मऊपणा रंगवला, त्याच्या कुंचल्याला वजन नव्हतं. इथे काचेला खरोखर मऊ व्हावं लागत होतं आणि स्वतःच्या वजनानं पडावं लागत होतं. घडी कुठे मोडणार हे ती गाठ ठरवत होती. मी कागदावर काढलेल्या घडीपेक्षा ती कितीतरी चांगली होती.

“थांबायचं का जी?”

“अजून जरासं. पोट भरू दे तिचं.”

मग त्यांनी मान हलवली. मी झाकण क्षणभर चार बोटं उचललं, तोंडावर भपका आला, आतली आच उतरली आणि काच होती तिथे थिजली. पुढे ४५० अंशांवर तिला तासन्‌तास मुरवायचं असतं, नाहीतर आतला ताण राहतो आणि एखाद्या दिवशी कपाटातच तिचे दोन तुकडे होतात. नेमकी तेव्हा लाईन गेली. भट्टीवर सिरॅमिकची गोधडी टाकली आणि शेजाऱ्यांचा लग्नाच्या मांडवात चालणारा ट्रॅक्टरवरचा अल्टरनेटर आणून जोडला. आच फारशी उतरली नव्हती.

भट्टी पूर्ण थंड झाल्यावर तबकडी बाहेर काढली, अंगणात आणून खऱ्या बाभळीवर टाकली. घडीपाशी ३चा आकडा दोनदा दिसत होता, एकदा समोरून आणि एकदा वळलेल्या कडेतून. शिसं असलेली काच साध्या काचेपेक्षा उजेड जास्त वाकवते, त्याचा हा परिणाम. चित्रातल्या घड्याळांखाली सावल्या आहेत. आमच्या घड्याळाखाली मातीवर उजेडाची वाकडी रेघ पडली होती. काकाजी उकिडवे बसून बराच वेळ ती रेघच पाहत होते.

डॉक्टरांना मुंग्याही हव्या होत्या. मी नाही म्हटलं. दालीच्या मुंग्या म्हणजे सडणं, कुजणं. आरपार दिसणाऱ्या या काचेत सडायला काही नाही, तिथे त्या नुसत्या नक्षी झाल्या असत्या. काटे मी लावलेले नाहीत. काट्यांवाचून घड्याळ अपुरं आहे, असं काकाजींचं ठाम मत आहे, आणि पितळेचे दोन पातळ काटे त्यांनी माझ्या टेबलावर आणूनही ठेवले आहेत. घडीवरून ते वाकतील का, हे आधी बघावं लागेल.